खोकरीची पाहुणी

माझी धाकटी नणंद लग्न होऊन मुरूडला गेली, त्याला आता अकरा वर्षं झाली. आम्ही साताऱ्याचे. देशावरचे, हनफी. ती माणसं कोकणी, शाफई. लग्न ठरताना दोन्हीकडच्या बुजुर्गांनी या फरकावर चांगलीच चर्चा केली होती. शेवटी दोन्हीकडचे एकाच गोष्टीवर आले, की मुलगा नमाजी आहे, कमावता आहे, मग झालं. माझ्या सासूबाई आजही लेकीकडं गेल्या की कोलंबी खातात, पण खेकड्याला हात लावत नाहीत. तिच्या घरचेही त्यांच्या ताटात कधी खेकडा वाढत नाहीत. एकमेकांची अशी कदर केली, की मसलकांच्या फरकानं घरं तुटत नाहीत.

गेल्या डिसेंबरात मुलांना नाताळची सुट्टी लागली आणि आम्ही पाचजण गाडी घेऊन निघालो. हे, मी, सासूबाई, थोरली मुलगी आणि नऊ वर्षांचा धाकटा. महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरलो. पोलादपूर, महाड, माणगाव करत म्हसळ्याला आलो आणि तिथून दिघीला. दिघीच्या धक्क्यावर गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि खाडीपलीकडं आगरदांड्याला उतरायचं. गाडी पाण्यावरून जाते याचं धाकट्याला इतकं नवल, की बोट सुटल्यापासून लागेपर्यंत तो कठड्याला चिकटून उभा होता. सासूबाई गाडीतच बसून तसबीह ओढत होत्या. पाणी बघितलं की त्यांना गरगरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजपुरीला गेलो. तिथून शिडाच्या होड्या जंजिऱ्याला जातात. जंजिरा हा शब्द अरबीतल्या जझिऱ्यावरून आला, जझिरा म्हणजे बेट. होडी अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा मुख्य दरवाजा कुठं आहे ते कळत नाही. तटाचीच भिंत पुढं येत राहते आणि मग एकदम वाट दिसते. दरवाज्याजवळ एक शिल्प आहे. वाघासारख्या एका प्राण्यानं हत्ती पंजात धरलेत. आत कलाल बांगडी नावाची प्रचंड तोफ आहे. चारी बाजूंना खारा समुद्र आणि मध्ये गोड्या पाण्याचे तलाव. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे वंशज इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिले, लढले आणि नांदले. छत्रपती शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज, दोघांनीही हा किल्ला घ्यायची शिकस्त केली, पण तो हाती आला नाही. जवळच समुद्रात महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग दिसतो. सिद्दींचं हे संस्थान 1948 साली भारतात विलीन झालं.

किल्ल्याच्या पायऱ्यांवर धाकटा घसरला आणि त्याचा गुडघा खरचटला. बाटलीतल्या पाण्यानं जखम धुतली, रुमाल बांधला आणि पुढं चालू लागलो. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या गुडघ्यावरच आहे.

परतताना यांनी गाडी खोकरीला थांबवली. राजपुरीपासून आगरदांड्याच्या रस्त्याला खोकरी गाव लागतं. तिथं सिद्दी सरदारांच्या तीन दगडी कबरी आहेत, मोठमोठ्या घुमटांच्या. सगळ्यात मोठी सिद्दी सिरुल खानाची. बाजूच्या दोन लहान आहेत, सिद्दी कासिम म्हणजे याकूत खान आणि सिद्दी खैरियत खान यांच्या. किल्ल्यावर माणसांची झुंबड असते, इथं कुणी फिरकत नाही. गवत वाळलेलं, कमानींत पारवे, मागं डोंगर. सासूबाई एका कट्ट्यावर बसल्या, हात उचलून त्यांनी फातिहा पढली. मी पायातला काटा काढत होते. तेवढ्यात धाकट्याचा आवाज आला, "अम्मी, इकडं ये. पण ओरडू नकोस."

मी ओरडेन हे त्याला ठाऊक होतं. त्याचं कारण सांगते. मी सात वर्षांची असताना आमच्या गल्लीतलं कुत्रं माझ्या पोटरीला चावलं. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. माझे अब्बा रोज सायकलवर बसवून मला दवाखान्यात न्यायचे. चौथ्या दिवसापासून दवाखान्याचं फाटक दिसलं, तरी मी रडायला लागायचे. तेव्हापासून कुत्रं दिसलं की मी रस्ता बदलते. आज चाळिशी उलटली, दोन मुलांची आई झाले, शाळेत पन्नास पोरांचा वर्ग सांभाळते, पण कुत्र्यापुढं माझी ती सात वर्षांची मुलगीच होते.

कबरीच्या मागच्या बाजूला, चौथऱ्याच्या सावलीत धाकटा मांडी घालून बसला होता. त्याच्या मांडीवर मातीच्या रंगाचं एक पिल्लू होतं. हाडं मोजून घ्यावीत इतकं वाळलेलं. ते त्याच्या गुडघ्यावरचा रुमाल बाजूला सारून जखम चाटत होतं.

मी ओरडलेच.

यांनी धावत येऊन पिल्लू उचललं आणि खाली ठेवलं. रस्त्याकडेला गुरं राखणारा एक म्हातारा बसला होता, तो उठून आला. म्हणाला, "आई गाडीखाली गेली हिची. चार दिवस झाले. आणखी दोन पिल्लं होती, ती पण मेली. ही एकटी राहिलीय." थोड्या वेळानं म्हणाला, "आज उद्याची आहे ही पण."

नव्या गाडीचा सीट, सासूबाईंच्या नमाजा, माझी भीती, या सगळ्यांचा मी एका दमात विचार केला आणि म्हणाले, "चला गाडीत. आधी दवाखाना." पिल्लू आमच्या मागोमाग गाडीपर्यंत आलं. पळायची ताकद नव्हती, लडबडत आलं. गाडीच्या चाकाशी येऊन बसलं. त्याच चाकाशी, आई जिच्याखाली गेली तशाच चाकाशी. धाकटा गाडीत बसायला तयार होईना.

"दादी," तो सासूबाईंकडं वळला, "तुम्हीच सांगितलं होतं ना, तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजलं म्हणून अल्लाहनं एका माणसाला माफ केलं?"

सासूबाई गप्प बसल्या. ही हदीस त्यांनी आमच्या दोन्ही मुलांना झोपताना कितीतरी वेळा सांगितली होती. विहिरीत उतरून चामड्याच्या मोज्यात पाणी भरून तोंडात धरून वर आणणारा माणूस. आपण मुलांना गोष्टी सांगतो, त्या मुलं लक्षात ठेवतात. मग एखाद्या दिवशी त्या आपल्याच पुढ्यात ठेवतात.

"पाणी पाजायला सांगितलंय," त्या शेवटी म्हणाल्या, "घरी न्यायला नाही." पण बाटली त्यांनीच उघडून दिली.

पिल्लू पाणी पीत असताना यांनी गाडीत ठेवलेली साबणाची वडी काढली. गावातल्या नळावर धाकट्याचा गुडघा पंधरा मिनिटं घड्याळ लावून साबणानं धुतला. हे मला पक्कं माहीत होतं. कुत्रं चावलं, ओरखडलं किंवा त्यानं उघड्या जखमेला चाटलं, तर पहिला उपाय हाच, वाहतं पाणी आणि साबण, भरपूर वेळ. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. आणि मग त्याच दिवशी डॉक्टर. रेबीज एकदा अंगात दिसायला लागला की त्यावर इलाज नाही. लस वेळेवर घेतली तर तो होत नाही.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मला वाटलं होतं, चाटण्याचं काय एवढं म्हणतील. पण त्यांनी गुडघा नीट बघितला आणि म्हणाल्या, उघड्या जखमेला लाळ लागली, म्हणजे हे चाव्यासारखंच धरायचं. जखमेभोवती रेबीजविरोधी सीरम दिलं आणि दंडात लसीचा पहिला डोस. पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, ते साताऱ्यात घेतले तरी चालतील. पोटात नाही, दंडात. धाकटा एकदा 'आई गं' म्हणाला आणि झालं. मी मात्र खुर्चीला धरून उभी होते.

मग त्यांनी विचारलं, "पिल्लू कुठं आहे?"

"तिथंच, खोकरीला."

"दहा दिवस डोळ्यांसमोर राहिलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "चाटलं त्या दिवशी लाळेत रोग असेल, तर जनावर दहा दिवसांत आजारी पडतं, मरतं. दहा दिवस ठणठणीत राहिलं तर आपल्यालाही निर्धास्त होता येतं. लस तर पूर्ण करायचीच, पण कळलेलं बरं."

यांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. ज्या जनावरापासून मी तेहतीस वर्षं लांब पळत होते, ते आता माझ्या मुलासाठी दहा दिवस जगायला हवं होतं. आम्ही परत खोकरीला गेलो. ती त्याच जागी, चाकाच्या खुणेवर बसलेली होती.

नणंदेच्या घरी पोचलो तेव्हा मगरिब झाली होती. तिच्या सासूबाई फार प्रेमळ, पण मसल्याला पक्क्या. शाफईंत कुत्र्याची लाळ किंवा ओलं अंग भांड्याला, कपड्याला लागलं तर सात वेळा धुवायचं, त्यातली एक वेळ मातीच्या पाण्यानं. आपल्या हनफींत लाळ नापाक, पण कोरडं अंग घासून गेलं म्हणून कपडा नापाक होत नाही. दारातच त्यांनी सांगितलं, "बेटा, घरात नको. वाडीत ठेवा." मी म्हटलं, "खाला, माझ्याही मनात तेच आहे." घरामागं सुपारीची वाडी आहे. तिथं पाटाच्या पलीकडं एका जुन्या खोक्यात गोणपाट टाकून पिल्लू ठेवलं. तिला ठेवून घ्या असंही म्हणता येईना, कारण दोन दिवसांनी ती सगळी मंडळी लग्नाला मुंबईला निघणार होती.

दस्तरखानावर तांदळाची भाकरी, कोलंबीचं सालन, नारळाच्या दुधाबरोबर सांदण, सगळं होतं. माझ्या घशाखाली काही उतरेना. वाडीतून सारखं रडणं ऐकू येत होतं. लहान मूल रडतं तसं, थांबून थांबून.

रात्री कधीतरी जाग आली. रडणं थांबलं होतं. थांबलं म्हणूनच जाग आली असणार. पोटात धस्स झालं. मी उठून मागच्या पडवीत आले. वाडीत बॅटरीचा उजेड होता. सासूबाई पाटाच्या अलीकडं, अंग चोरून, एका दगडावर बसल्या होत्या. पिल्लाच्या अंगावर त्यांची जुनी शाल होती. पुढ्यात नारळाची करवंटी आणि करवंटीत कोमट भाताची पेज.

मला बघून त्या जरा ओशाळल्या. म्हणाल्या, "तहज्जुदला उठले होते. ते रडतंय आणि मी सजद्यात. मन लागेना." मग करवंटीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "करवंटी टाकून देता येते. कुणाला सात वेळा धुवायला नको."

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी सूरह कहफमधल्या त्या तरुणांची आठवण काढली. ईमान वाचवायला गुहेत गेले आणि अल्लाहनं त्यांना वर्षानुवर्षं झोपवलं. त्यांचा कुत्राही उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला. "कुरआनात त्याचा जिक्र आहे," त्या म्हणाल्या. "पण बघ, उंबऱ्याशीच. आत नाही." एवढं बोलून उठल्या, फजरसाठी नव्यानं वुजू केला, कपडे बदलले. अंगाला काही लागलं नव्हतं, तरीही बदलले. मला त्यांचं हे फार आवडलं. त्यांनी दयेसाठी पाकी सोडली नाही आणि पाकीसाठी दया सोडली नाही.

आता दहा दिवसांचा हिशेब सुरू झाला. साताऱ्याला परत येताना खोकं डिकीत होतं, मधल्या सीटची पाठ पाडून हवा खेळती ठेवली होती. दिघीच्या फेरीबोटीवर एका कोळी बाईनं डिकीत डोकावून विचारलं, "कुठं नेताय हिला?" धाकटा ऐटीत म्हणाला, "देशावर." बाई हसली आणि तिनं टोपलीतला एक लहानसा मासा काढून दिला. धाकट्यानं तिला नाव दिलं खोकरी. आधी त्याला कितमीर ठेवायचं होतं. गुहेतल्या कुत्र्याचं नाव म्हणून जुने लोक ते सांगतात. पण थोरली म्हणाली, ही मुलगी आहे. सासूबाईंना खोकरी जमेना, त्या खोकली म्हणू लागल्या.

घरी परसात, पाण्याच्या टाकीखाली खोकं ठेवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर धाकटा रोज एक फुली मारायचा. चौथ्या दिवशी तिला जुलाब लागले, मान टाकली. मी शाळेतून आले आणि तिचं पोट वर-खाली होताना बघत परसात उभी राहिले. माझ्या मनात फक्त धाकट्याचा गुडघा होता, हे कबूल करते. हे रजा टाकून तिला जनावरांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. तपासून ते म्हणाले, रेबीजची लक्षणं नाहीत. पोटात जंत आहेत आणि उपासमार आहे. जंताचं औषध दिलं, मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजायला सांगितलं. गाईचं दूध बंद, पेज आणि उकडलेलं अंडं. सहा ते आठ आठवड्यांची झाली की पहिल्या लसी, तीन महिन्यांची झाली की रेबीजची.

थोडं थोडं पाणी दर अर्ध्या तासानं पाजायचं होतं. हे कामावर, मुलं शाळेत. माझी सकाळची शाळा, दुपारी घरात मी एकटी. पहिल्यांदा लांबूनच वाटी सरकवली. ती उठू शकली नाही. मग हातात प्लॅस्टिकची पिशवी चढवली, औषधाच्या ड्रॉपरनं तिच्या ओठाच्या कडेला पाणी सोडलं. तिनं डोळे उघडले नाहीत, पण गिळलं. पिशवीतूनही तिचं अंग गरम लागत होतं. माझा हात कापत होता. पण मी मागं घेतला नाही. त्या दुपारी मी अकरा वेळा बाहेर गेले. सातव्या वेळेला पिशवी घालायची विसरले, हे मला रात्री हात धुताना आठवलं.

दहावी फुली पडली तेव्हा खोकरी परसात स्वतःच्या शेपटीमागं फिरत होती. धाकट्यानं दोन रकात नफल पढली. मी आत जाऊन रडून घेतलं.

आता पुढचा प्रश्न. शौक म्हणून घरात कुत्रा पाळायला आपल्याकडं मनाई आहे, आणि मलाही तो घरात नकोच होता. पण शिकारीसाठी, गुराढोरांसाठी आणि शेताच्या राखणीसाठी परवानगी आहे. माझे मोठे दीर कोरेगावजवळ शेती करतात. ऊस आणि आलं. आल्याचा भाव वर गेला की रात्रीत शेतातून आलं उपटून नेणारेही येतात. भाईजानना फोन केला तर म्हणाले, "आणा. राखणीला मला हवंच होतं. पण पोराला सांगा, परत न्यायची नाही."

न्यायच्या दिवशी धाकटा गाडीत एक शब्द बोलला नाही. शेतावर उतरल्यावर खोकरी त्याच्याकडं न बघता बांधाच्या दिशेनं पळाली, मातीत लोळली, शेळ्यांवर भुंकली आणि घाबरून परत आली. तो हसला आणि त्याचं रडणं तिथंच सुटलं. भाईजाननी त्याला जवळ घेतलं. म्हणाले, "तू तिचा जीव आणलास, मी तिला काम देतो. सुट्टीला येत जा, बघत जा."

वाचक भगिनींना माझ्या अनुभवातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. प्रवासात एखादं पिल्लू दिसलं तर लगेच उचलू नका. बऱ्याचदा आई जवळपास असते, खाणं शोधायला गेलेली. थोडं थांबा, आसपासच्यांना विचारा. पाणी ठेवा, सावली करा. मुलांना सांगा की हात लावायच्या आधी मोठ्यांना हाक मारायची आणि ओरखडा जरी उठला तरी लपवायचं नाही. माझ्या धाकट्यानं मला हाक मारली, मी ओरडेन हे माहीत असूनही मारली, म्हणून वेळेवर इलाज झाला. आमच्या ओरडण्याच्या भीतीनं मुलं गप्प राहतात, तेव्हा खरा धोका असतो.

खोकरी आता नऊ महिन्यांची झाली. सगळ्या लसी झाल्या, गेल्या महिन्यात नसबंदीही झाली. शेतातल्या खोपीच्या दाराशी तिची जागा आहे. खोपीत जायची तिला परवानगी नाही आणि ती जातही नाही. आम्ही गेलो की ती धाकट्याच्या अंगावर उड्या मारते. माझ्याजवळ येते तेव्हा मात्र दोन हात अंतरावर बसते. कुणी शिकवलं माहीत नाही. मी अजूनही रस्त्यावरचं कुत्रं बघून बाजूला होते. भीती गेलेली नाही. पण खोकरीसमोर मी उभी राहते आणि पिशवीतली शिळी भाकरी स्वतःच्या हातानं तिच्यापुढं ठेवते.

या दिवाळीच्या सुट्टीत इन्शाअल्लाह पुन्हा मुरूडला जायचं आहे. खोकरीला त्या म्हाताऱ्याला भेटून सांगायचं आहे की ती जगली. सासूबाई दर शुक्रवारी भाईजानना फोन करतात. ख्याली-खुशाली झाली की शेवटी आवाज जरा बारीक करून विचारतात, "आणि ती खोकली काय म्हणते?"